ग्रास कटर लागतो, पण रेस दिली की बंद पडतो: ब्लॉक-पिस्टनला हात लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूरकडची हापूसची बाग, दोन स्ट्रोकचा ४३ सीसीचा ग्रास कटर. जानेवारीत गवत मारून झाल्यावर मशीन पडवीत टांगून ठेवलं, ते आता गणपतीच्या तोंडावर पाखाडी आणि बाग बेणायला काढलं. चोकवर सुरू होतं, चोक काढून रेस दिली की बंद पडतं. दोरी ओढून ओढून खांदा भरून आलाय. मेकॅनिकने दोनदा दोरी ओढली आणि "कॉम्प्रेशन गेलंय, ब्लॉक-पिस्टन घाला" म्हणून सांगितलं. (कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टनने आतली हवा आवळण्याचा जोर, ब्लॉक म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर.) घालावं का?

आज तरी नको. मी लांज्याला २६ वर्षं हेच काम करतो. मोटरसायकली, फवारणीचे पंप, पॉवर टिलर, आणि गेली बरीच वर्षं ग्रास कटर. श्रावण-भाद्रपदात माझ्या दारात जे कटर येतात त्यातल्या बहुतेकांची तक्रार शब्दशः तुमच्यासारखीच असते, आणि त्यातल्या फार थोड्यांना ब्लॉक लागतो.

ज्याचं कॉम्प्रेशन खरंच गेलंय ते मशीन चोकवरसुद्धा धड लागत नाही. थंड असताना एखाद्या वेळी लागलं, तरी गरम झाल्यावर अजिबात लागत नाही. तुमचं लागतंय आणि चोक असेपर्यंत चालतंय. चोक म्हणजे हवेचं तोंड आवळणं. हवा आवळल्यावर इंजिन खूश असेल तर पेट्रोल कमी येतंय, किंवा कुठून तरी फाजील हवा शिरतेय. मे महिन्यातली विहीर आठवा. तांब्या-तांब्याने काढलं तर घरापुरतं पाणी मिळतं, पंप लावला की दोन मिनिटांत गाळ. मंद चालताना इंजिनला तांब्याएवढंच पेट्रोल लागतं. रेस दिली की एकदम जास्त मागतं, आणि मागून ते येत नाही. म्हणून शोध टाकीपासून सुरू करायचा, पिस्टनपासून नाही.

पहिलं काम: टाकीतलं पेट्रोल एका स्वच्छ पांढऱ्या काचेच्या बाटलीत ओता. हे अंगणात करा. घरात गणपतीची तयारी चालू असेल, समई-निरांजन असेल, शेजारी चूल असेल, तिथे नको. बाटली दहा मिनिटं न हलवता ठेवा आणि मग उजेडात धरून तळाकडे बघा. दोन स्ट्रोकच्या मशीनला पेट्रोलमध्ये 2टी ऑइल (दोन स्ट्रोकच्या इंजिनाचं ऑइल) मिसळून घालतात. ताज्या मिश्रणाला त्या ऑइलचा रंग असतो आणि ते वरपासून खालपर्यंत एकसारखं दिसतं. जुनं झालेलं काळपट पडतं, वास रॉकेल-वॉर्निशच्या बाजूला जातो. आणि तळाशी वेगळा थर दिसला, मग तो बोटभर असो वा नुसता एक गोळा सरकताना दिसो, तर तुमचं दुखणं तिथेच आहे.

हा थर येतो कुठून, हे समजून घ्या, कारण मशीन मरतात ती यामुळेच. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. अर्धी रिकामी टाकी झाकणाच्या बारीक भोकातून श्वास घेत असते, आणि आपल्याकडची जुलैची हवा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, पडवीतलं मीठसुद्धा पाझरतं. थोडं पाणी इथेनॉल सामावून घेतं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी दोघं मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाला बसतात. 2टी ऑइल मात्र वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. आणि टाकीतला फिल्टर, तो वजनाचा असल्यामुळे, कायम तळाशी लोळत असतो. म्हणजे इंजिनला आधी मिळतं ते खालचं पाणी-इथेनॉल, ज्यात ऑइल जवळपास नाहीच. दोन स्ट्रोकच्या इंजिनात वेगळं ऑइल नसतं. पिस्टन, रिंग, क्रँकची बेअरिंग, सगळ्यांचं वंगण त्या मिश्रणातूनच येतं.

आमच्याकडचे एकजण दुसऱ्यांच्या बागा तासावर मारून देतात. चांगला माणूस, मशीन पुसून ठेवणारा. त्यांचा कटर चालता चालता जाम झाला. सायलेन्सरचे दोन बोल्ट काढले आणि एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारली. पिस्टनच्या अंगावर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखे, आणि त्यात चकचकीत ॲल्युमिनियम पुसलं गेलेलं. ते सारखं म्हणत होते, "ऑइल मी मापून घातलंय हो." मला खरं वाटत होतं. मग त्यांचा पाच लिटरचा कॅन आणायला सांगितला. आषाढापासून तो गोठ्यात पडून होता. बाटलीत ओतला तर खाली दोन बोटं फिकट, गढूळ थर. माणसाने मापून ऑइल घातलं होतं, पण त्या थरात ते नव्हतंच. अशा वेळी कॅन हलवून उपयोग होत नाही, फुटलेलं पेट्रोल परत एकजीव होत नाही. ते ऐन हंगामात आठ दिवस बसून राहिले. तेव्हापासून मी येईल त्याला हे सांगतो, कंटाळा न करता.

म्हणून बाटलीत काही दिसो वा न दिसो, जानेवारीचं ते पेट्रोल परत वापरू नका. थर नसेल तर पार्ट धुवायला ठेवा. विहिरीच्या आसपास किंवा पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, ओतू नका. नवीन मिश्रण करा, आणि ते अंदाजाने नाही. मशीनच्या पुस्तकात किंवा टाकीवर ५०:१ लिहिलं असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल, २५:१ असेल तर ४० मिली. मोजायला औषधाच्या बाटलीवरचं खुणांचं झाकण किंवा इंजेक्शनची सिरिंज उत्तम. ऑइल 2टीचंच, डब्यावर जासो एफसी किंवा एफडी हा दर्जा लिहिलेलं घ्या. मोटरसायकलच्या इंजिनात घालायचं 20डब्ल्यू-40 यात चालत नाही. ते जळायला बनवलेलंच नाही. "इंजिन जपायला जरा जास्त घातलं" असंही बरेच जण करतात. ऑइल वाढलं की तेवढ्या मापात पेट्रोल कमी झालं, प्लग काळा होतो, सायलेन्सर कार्बनने बुजतो. पेट्रोल आधी अर्धं, मग ऑइल, मग उरलेलं पेट्रोल, आणि कॅन चांगला हलवा. पंधरा दिवसांत संपेल एवढंच करा. महिन्याच्या पुढचं मी पावसात कुणाला वापरू देत नाही.

नवीन पेट्रोल टाकायच्या आधी टाकीतून फिल्टर बाहेर ओढून घ्या. सायकलच्या स्पोकचं टोक आकड्यासारखं वाकवलं की झालं. फेल्टचा फिल्टर काळा, चिकट, कडक झाला असेल तर धुवत बसू नका, बदला. त्याच वेळी पाइप बघा. टाकीत दोन पाइप जातात, एक ओढणारा, एक परतीचा. बोटांत धरून वाकवा. मऊ, लवचिक हवेत. कडक झालेत, वाकवल्यावर बारीक भेगा दिसतात, किंवा टाकीच्या भोकाशी सैल बसतात, तर दोन्ही बदला. भेग पडलेला ओढणारा पाइप पेट्रोलबरोबर हवाही ओढतो, आणि लक्षण अगदी तुमच्यासारखंच दिसतं.

आता कार्बोरेटरखालचा तो पारदर्शक रबरी फुगा दाबा. सात-आठ दाबांत तो पेट्रोलने भरायला हवा आणि परतीच्या पाइपमधून टाकीत धार दिसायला हवी. बुडबुडे थांबतच नाहीत, तर पाइप किंवा फुगाच फाटलाय. दाबल्यावर फुगा आत बसूनच राहतो, वर येत नाही, तर टाकीच्या बाजूने अडलंय, बहुतेक फिल्टर. फुगा दगडासारखा कडक लागतो, दाबलाच जात नाही, तर पुढे कार्बोरेटर किंवा परतीचा पाइप बुजलाय. मला विचाराल तर पूर्ण मशीनवर सगळ्यात जास्त बोलणारी वस्तू हा फुगाच आहे, आणि लोक तो नुसता दाबून मोकळे होतात, बघत नाहीत.

टाकीचं झाकणही तपासा. त्याच्या श्वासाच्या भोकात माती बसली की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल येणं थांबतं. पण त्यात मशीन पाच-दहा मिनिटं छान चालून मग बंद पडतं, झाकण सैल केलं की 'सूं' आवाज येतो आणि परत लागतं. तुमचं तसं वाटत नाही.

इथपर्यंत करून नव्या पेट्रोलवर लावून बघा. यातच काम झालेली मशीन मी पुष्कळ पाहिली आहेत. नाही झालं, तर कार्बोरेटर.

या मशीनचा कार्बोरेटर मोटरसायकलसारखा फ्लोटचा नसतो. मशीन आडवं, तिरकं, उतारावर धरून चालवायचं असतं, म्हणून यात रबरी पडदे असतात, डायफ्रॅम. एक पडदा पेट्रोल ओढतो, तो इंजिनच्या आतल्या दाबाच्या ठोक्यावर फडफडतो. दुसरा सुईची उघडझाप करून माप ठेवतो. पेट्रोल आत सुकलं की हे पडदे कडक होतात. इंजिन मंद असताना कडक पडदासुद्धा थोडं काम करतो, पण रेस दिल्यावर लागणारं पेट्रोल त्याला पुरवता येत नाही.

काढणं अवघड नाही. एअर फिल्टरचा डबा काढला की दोन लांब स्क्रू, त्यावर कार्बोरेटर. खाली पांढरा कपडा पसरा. प्रत्येक झाकण उघडताना मोबाइलवर फोटो काढा, कारण पॅकिंग आणि पडदा यांचा क्रम चुकला तर सगळं परत उघडावं लागतं. बहुतेक कार्बोरेटरमध्ये मापाच्या बाजूला, जिथे चार स्क्रू असतात, बॉडीला आधी पॅकिंग आणि त्यावर पडदा. पंपाच्या बाजूला, जिथे बहुधा एकच स्क्रू असतो, बॉडीला आधी पडदा आणि वर पॅकिंग. तरीही तुमच्या फोटोवरच विश्वास ठेवा. पडदा कानाजवळ धरून हलकेच दाबा. कडकड वाजला तर गेला. पंपाच्या बाजूला उघडल्यावर करंगळीच्या नखाएवढी गोल जाळी दिसेल, ती सुईच्या टोकाने उचलून धुवा. हिरवट-पिवळी साय तिथेच साचते. कार्बोरेटर क्लीनर मारताना पडदे आधी बाहेर काढलेले असावेत. जेटमध्ये तार खुपसू नका. पितळेचं भोक केसभर मोठं झालं तरी मशीन पुन्हा सुरात येत नाही. सुईखालची छोटी दांडी वाकवू नका. आणि 'एच' आणि 'एल' असे पेट्रोलचं माप ठरवणारे दोन स्क्रू असतील तर काढण्याआधी घट्ट होईपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून भिंतीवर लिहून ठेवा, बसवताना तेवढेच सोडा. डायफ्रॅमचा संच शे-दोनशे रुपयांत मिळतो. जुनं कार्बोरेटर घेऊन जा आणि पडद्याची भोकं जुळवून घ्या, नावावर जाऊ नका.

परत बसवताना कार्बोरेटर आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग फाटलेलं नाही ना, ते बघा. फाजील हवा शिरायची ती जागा.

प्लगचं मी मुद्दाम नंतर सांगतोय, कारण सगळे तिथूनच सुरू करतात आणि तिथेच अडकतात. तरी बघायला हवाच. पाच-सहा वेळा दोरी ओढून प्लग काढा. कोरडा ठणठणीत निघाला तर पेट्रोल आत पोचत नाही, म्हणजे वरचंच सगळं. ओला, पेट्रोलने थबथबलेला निघाला तर पेट्रोल पोचतंय पण जळत नाही, किंवा चोकवर ओढून ओढून ओव्हर झालंय. मग मशीन प्लगचं भोक खाली करून धरा, चोक काढा, रेस पूर्ण दाबा आणि दहा वेळा दोरी ओढून आतलं झाडून टाका. प्लग पितळी ब्रशने साफ करा, गॅप ०.६ मिमीच्या आसपास ठेवा, टोपी लावून ब्लॉकला टेकवा आणि दोरी ओढा. प्लगच्या भोकापासून लांब धरा, त्यातून पेट्रोलची वाफ येते. ठिणगी निळी आणि टिचकीसारखी वाजणारी हवी. पिवळी, केविलवाणी असेल तर आधी नवा प्लग. अजिबात नसेल तर बंद करायच्या बटणाची वायर सोडवून बघा. माळ्यावर, पडवीत ठेवलेल्या मशीनच्या वायरा उंदीर खातात, आणि सोललेली वायर दांड्याला लागली की करंट तिथेच उतरतो.

एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण सुकवा. भुगा होत असेल तर नवा. स्पंजशिवाय मशीन चालवू नका, कातळावरची लाल धूळ रिंगा खाते.

आता सायलेन्सर. ग्रास कटर आमच्याकडे नवे नवे येऊ लागले होते तेव्हाची गोष्ट. एक मशीन रेस पकडत नव्हतं. मी दोरी ओढून बघितली, मऊ वाटली, आणि पिस्टन-रिंग टाकून दिले. मशीन तसंच. मालक दोनदा येऊन गेला. तिसऱ्या दिवशी सायलेन्सर खोलला तर आत मातीचं घर. कुंभारीण माशीने पावसाळाभर पडून असलेल्या मशीनच्या धुराच्या तोंडात चिखलाचं घरटं बांधलं होतं, वाळून विटेसारखं झालेलं, आत मेलेले कोळी. धूर बाहेर पडायला वाट नाही, मग ताजी हवा आत येणार कशी? पिस्टनचे पैसे परत केले, पण तोवर त्याचे चार दिवस गेले होते. आज ब्लॉकला हात लावण्याआधी सायलेन्सर खोलतोच. तुमचं मशीन सहा-सात महिने टांगलेलं होतं, तेव्हा हे नक्की बघा. आत कित्येकदा ठिणगी अडवणारी बारीक जाळी असते, ती कार्बनने बुजते. काढून वायर ब्रशने घासा आणि परत बसवा, सुक्या गवतात ती जाळी वणव्यापासून वाचवते. ब्लॉकच्या धुराच्या भोकात कार्बन असेल तर दोरी हळू ओढून पिस्टन वर आणा म्हणजे भोक पिस्टनने झाकलं जाईल, आणि बांबूच्या कामट्याने खरवडा. स्क्रूड्रायव्हर नको.

सायलेन्सर काढलेलाच आहे तर त्या भोकातून टॉर्च मारून पिस्टन बघून घ्या. पिस्टन हळूहळू वर-खाली करा. अंग गुळगुळीत, थोडं तपकिरी, रिंगा भोकातून काडीने दाबल्यावर किंचित आत जाऊन परत येतात, तर इंजिन शाबूत आहे आणि मेकॅनिकला नम्रपणे नाही म्हणा. उभे ओरखडे दिसले तर त्याचं बरोबर होतं. आणखी एक कसोटी: इंजिन थंड, प्लग घट्ट, ब्लेड काढलेलं. दोरीची मूठ धरून मशीन जमिनीपासून वीतभर उचला. चांगल्या कॉम्प्रेशनचं मशीन लटकून राहतं, अडत अडत खाली येतं. सरळ धप्पकन् खाली येत असेल तर शंका घ्यायला जागा आहे. कॉम्प्रेशन मोजायचं गेज असेल तर ९० पीएसआयच्या (दाबाचं माप) खाली मी इंजिन खोलायचा विचार करतो. एक मात्र लक्षात ठेवा, चोकवर खूप ओढल्यामुळे पेट्रोलने आतलं ऑइल धुतलं जातं आणि दोरी तात्पुरती मऊ लागते. तुमच्या मेकॅनिकची फसगत बहुधा इथेच झाली असावी. प्लगच्या भोकातून अर्धा चमचा 2टी ऑइल सोडा, दोन-चारदा ओढा, मग परत बघा.

चार स्ट्रोकचा कटर असता तर गोष्ट वेगळी. त्यात पेट्रोल साधं आणि ऑइल वेगळं, ३५ सीसीच्या इंजिनाला फक्त १०० मिलीच्या आसपास. एवढ्याशा ऑइलमध्ये वीस मिली कमी असणंसुद्धा महागात पडतं.

आणि हंगाम संपल्यावर टांगायच्या आधी एवढं करा. टाकी रिकामी करा, फुगा दाबून पाइप रिकामे करा, मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, शेवटी चोक देऊन उरलंसुरलं जाळून टाका. प्लग काढून चमचाभर 2टी ऑइल आत, दोरी दोन-तीनदा सावकाश ओढा, प्लग लावा, आणि दोरी जिथे जड लागते तिथे थांबवा, म्हणजे पिस्टन वर राहून धुराचं भोक झाकलं जातं. खालच्या गिअरच्या डोक्यावरचा स्क्रू काढून ग्रीस भरा, त्याला वर्षानुवर्षं कुणी विचारत नाही. सायलेन्सरच्या तोंडाला ऑइलचं फडकं कोंबा, कुंभारणीसाठी, आणि ते काढायची आठवण म्हणून मुठीला लाल चिंधी बांधा.

उद्या सकाळी बाटली, फुगा, प्लग आणि सायलेन्सर या चारच गोष्टी करा, तासाभराचं काम आहे. बाटलीत थर दिसला का, फुगा भरतो का, प्लग ओला निघाला की कोरडा, आणि भोकातून पिस्टनचा फोटो, एवढं पाठवलंत तर कुठला पार्ट आणायचा ते नेमकं सांगता येईल.